मुक्त सॉफ्टवेअरच्या चित्रफिती कोणाच्या घरी?

जून २०१८ च्या मध्यास ॲनिमेशन शिकणाऱ्या जगभरच्या विद्यार्थ्यांना एक विचित्र अनुभव आला. त्रिमितीय चित्रे आणि ॲनिमेशनपट तयार करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'ब्लेंडर' या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरची यूट्यूबवरील अधिकृत वाहिनी त्यांनी उघडली, तेव्हा तेथील एकही चित्रफीत चालेना. सॉफ्टवेअरच्या वापराचे धडे, वार्षिक परिषदेतील व्याख्याने, ब्लेंडरच्या कलावंतांनी तयार केलेले लघुपट असा वर्षानुवर्षांचा ठेवा एकाएकी बंद झाला होता. चित्रफिती पुसल्या गेल्या नव्हत्या. त्या केवळ कोणालाही पाहता येत नव्हत्या.

कोणा तिसऱ्याच्या स्वामित्वहक्काचा भंग झाला होता किंवा मजकूर आक्षेपार्ह होता, असेही काही नव्हते. ब्लेंडर फाउंडेशनने त्या वेळी प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, वाहिनीवरून उत्पन्न मिळवण्यासंबंधीचा नवा करार संस्थेने मान्य करावा, अशी यूट्यूबची अपेक्षा होती. आपल्या वाहिनीवर जाहिराती दाखवायच्या नाहीत, हे तर ब्लेंडरचे पहिल्यापासूनचे धोरण. त्याच सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात 'एमआयटी'च्या 'ओपन कोर्सवेअर' या मोफत अभ्यासक्रमांच्या चित्रफितीही अशाच बंद झाल्या. काही भागीदारांच्या करारांत दुरुस्ती करावयाची असल्याने हा अडथळा आल्याचे यूट्यूबतर्फे सांगण्यात आले आणि काही दिवसांत दोन्ही वाहिन्या पूर्ववत झाल्या.

प्रसंग मिटला, पण त्यातून पुढे आलेला प्रश्न मिटला नाही. ज्या प्रकल्पाचा पायाच 'कोणा एका कंपनीवर अवलंबून राहू नये' या विचारावर उभा आहे, त्याने आपले ध्वनिचित्रमुद्रित ज्ञान एका खासगी कंपनीच्या सेवेवर सोपवावे काय? सोपवावे तर किती आणि कोणत्या अटींवर?

मुक्त स्रोत म्हणजे काय?

संगणकाचे सॉफ्टवेअर म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेल्या सूचनांचा संच. या मूळ सूचनांना 'सोर्स कोड' म्हणतात. खासगी मालकीच्या सॉफ्टवेअरमध्ये सोर्स कोड कंपनीच्या ताब्यात राहतो आणि ग्राहकाला केवळ वापराचा परवाना मिळतो. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा सोर्स कोड मात्र सर्वांसाठी खुला असतो. तो वाचण्याची, बदलण्याची, त्याच्या प्रती काढून इतरांना देण्याची मुभा परवान्यातच दिलेली असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या 'ग्नू' प्रकल्पापासून या चळवळीला सुसंघटित रूप आले. 'ओपन सोर्स' ही संज्ञा १९९८ मध्ये रूढ झाली.

या व्यवस्थेचा खरा लाभ फुकटेपणात नाही. तो सोडून जाण्याच्या अधिकारात आहे. एखाद्या प्रकल्पाचे चालक मनमानी करू लागले, तर सोर्स कोडची प्रत घेऊन दुसऱ्यांना तो वेगळ्या वाटेने पुढे नेता येतो. चालकांनाही याची जाणीव असल्यामुळे ते सहसा वापरकर्त्यांना वेठीला धरत नाहीत.

ब्लेंडरचा स्वतःचा इतिहास याचे उत्तम उदाहरण आहे. नेदरलँड्समधील टोन रोझेंडाल यांनी हे सॉफ्टवेअर विकसित केले आणि १९९८ मध्ये त्याच्या प्रसारासाठी 'नॉट अ नंबर' ही कंपनी स्थापन केली. २००२ मध्ये कंपनी बंद पडली. तिच्याबरोबर सॉफ्टवेअरही बुडाले असते. मात्र एक लाख युरो मिळाल्यास सोर्स कोड खुला करण्यास गुंतवणूकदारांनी संमती दिली. वापरकर्त्यांनी वर्गणी काढून अवघ्या सात आठवड्यांत ही रक्कम उभी केली आणि १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाले. पुढे 'एलिफंट्स ड्रीम' (२००६), 'बिग बक बनी' (२००८), 'सिंटेल' (२०१०) असे लघुपट ब्लेंडरच्या चमूने काढले आणि तेही कोणालाही प्रती काढून वाटता येतील अशा 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली दिले. २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर पटकावणारा लॅटव्हियाचा 'फ्लो' हा चित्रपटही ब्लेंडरवरच तयार झालेला आहे. मालकाच्या दिवाळखोरीतून वापरकर्त्यांनी वर्गणी काढून सोडवलेल्या या प्रकल्पाच्या चित्रफिती सोळा वर्षांनी दुसऱ्याच एका मालकाच्या करारात अडकल्या होत्या.

मोठ्या सेवेकडे का वळावे लागते?

मुक्त प्रकल्प यूट्यूबसारख्या सेवांकडे वळतात, त्यामागे आळस किंवा तत्त्वच्युती असते असे मानणे अन्यायाचे ठरेल. चित्रफीत ही महाजालावरील सर्वांत खर्चिक वस्तू आहे. साधा हिशेब पाहता येईल. बऱ्या दर्जाच्या चित्रफितीसाठी सेकंदाला दोन मेगाबिट इतकी माहिती पाठवावी लागते असे धरले, तर तासाभराच्या व्याख्यानासाठी सुमारे ९०० मेगाबाइट लागतात. दहा हजार लोकांनी ते पूर्ण पाहिले, की नऊ टेराबाइट माहिती सर्व्हरवरून बाहेर जाते. हे झाले एकाच व्याख्यानाचे. वार्षिक परिषदेत अशी शेकडो व्याख्याने होतात.

शिवाय केवळ फाइल ठेवून भागत नाही. मोबाइलवर संथ जोडणीने पाहणाऱ्यासाठी लहान आणि मोठ्या पडद्यासाठी मोठी अशा एकाच चित्रफितीच्या अनेक आवृत्त्या तयार कराव्या लागतात. थेट प्रक्षेपण, उपशीर्षके, शोध यांचीही सोय हवी. स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या प्रकल्पाकडे यासाठी ना पैसा असतो ना माणसे. फेब्रुवारी २००५ मध्ये सुरू झालेल्या आणि २००६ मध्ये १६५ कोटी डॉलरना गूगलने विकत घेतलेल्या यूट्यूबने हे सारे चित्रफीत चढवणाऱ्याला मोफत देऊ केले.

त्याहून मोठे आकर्षण प्रेक्षकांचे आहे. नवखा विद्यार्थी 'ब्लेंडर कसे शिकावे' हे एखाद्या फाउंडेशनच्या संकेतस्थळावर जाऊन शोधत नाही. तो यूट्यूबच्या शोधपट्टीत टंकतो. तेथे प्रकल्पाचे अधिकृत धडे नसतील, तर जे कोणाचे असतील ते तो पाहणार. त्यामुळे मोठ्या सेवेवर अजिबात न जाण्याचीही किंमत असते आणि ती नव्याने येणारा शिकाऊ मोजतो.

गूगलविषयी एक बाब न्यायाने नोंदवायला हवी. ही कंपनी मुक्त स्रोताची शत्रू नाही. २००५ पासून 'समर ऑफ कोड' या उपक्रमातून तिने अनेक मुक्त प्रकल्पांतील विद्यार्थ्यांना अर्थसाह्य दिले असून त्यांत ब्लेंडरचाही समावेश आहे. २०१८ मध्ये जे घडले, त्यामागे वैर असल्याचे दिसत नाही. धोक्याचे स्वरूप समजण्यासाठी हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. कोणाचाही हेतू वाईट नसताना केवळ धोरण बदलल्याने संपूर्ण ठेवा बंद होऊ शकतो.

धोका कोठे आहे?

पहिला धोका अटी बदलण्याचा. मोफत सेवेच्या अटी सेवा देणारा ठरवतो आणि बदलतोही. नोव्हेंबर २०२० मध्ये यूट्यूबने आपल्या नियमांत बदल करून, जाहिरातींच्या उत्पन्नात वाटेकरी नसलेल्या वाहिन्यांवरही जाहिराती दाखवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. प्रथम अमेरिकेत आणि २०२१ मध्ये इतर देशांतही हा नियम लागू झाला. म्हणजे जाहिराती नकोत हे ब्लेंडरसारख्या संस्थेचे धोरण त्या सेवेवर तिच्या एकटीच्या इच्छेने पाळले जाणे शक्य राहिले नाही.

दुसरा धोका यांत्रिक न्यायनिवाड्याचा. चढवलेल्या चित्रफिती इतरांच्या नोंदवलेल्या कलाकृतींशी ताडून पाहणारी 'कंटेंट आयडी' ही यंत्रणा यूट्यूबने २००७ मध्ये आणली. चोरी रोखण्यास ती उपयुक्त आहे. परंतु जी कलाकृती सर्वांना मुक्तपणे वापरण्यास दिलेली असते, तिच्याबाबतीत उलटा प्रकार घडू शकतो. कोणी ती आपल्या संग्रहात वापरली आणि तो संग्रह स्वतःचा म्हणून नोंदवला, तर मूळ निर्मात्यावरच आळ येतो. एप्रिल २०१४ मध्ये ब्लेंडरचा 'सिंटेल' हा लघुपट सोनी पिक्चर्सच्या नावे आलेल्या दाव्यावरून यूट्यूबवर बंद झाला होता. तक्रारीनंतर तो परत दिसू लागला, पण आधी शिक्षा आणि मग सुनावणी असा तो क्रम होता.

तिसरा धोका सेवाच बंद होण्याचा. खुद्द गूगलची 'गूगल व्हिडिओ' ही सेवा २००५ मध्ये सुरू झाली. २००९ मध्ये तिने नव्या चित्रफिती घेणे थांबवले आणि २०१२ मध्ये ती पूर्णपणे गुंडाळली गेली. एके काळी तांत्रिक परिषदांच्या आयोजकांना प्रिय असलेली 'ब्लिप' ही सेवा २०१५ मध्ये बंद पडली. आज अजस्र वाटणारी सेवा उद्या नसेल असे कोणी म्हणणार नाही. मात्र पन्नास वर्षे टिकावे असे वाटणाऱ्या ठेव्याची जबाबदारी पाच वर्षांच्या व्यावसायिक गणितावर टाकता येत नाही, एवढे या उदाहरणांवरून दिसते.

चौथा मुद्दा प्रवेशाचा. मार्च २००९ पासून चीनमध्ये यूट्यूब बंद आहे. पाकिस्तानात २०१२ ते २०१६ या काळात तो बंद होता. मुक्त प्रकल्पांचे स्वयंसेवक सर्व देशांत विखुरलेले असतात. कार्यकारिणीच्या बैठकीची किंवा एखाद्या तांत्रिक निर्णयाच्या चर्चेची चित्रफीत केवळ यूट्यूबवर असेल, तर त्या देशांतील सहकारी न विचारताच चर्चेबाहेर जातात. जे पाहू शकतात, त्यांच्या आवडीनिवडींची नोंद जाहिरातींसाठी ठेवली जाते, हा खासगीपणाचा प्रश्न वेगळाच.

परवाना एक, अट दुसरी

पाचवा मुद्दा सहसा दुर्लक्षित राहतो. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना प्रेक्षकाला प्रत काढून घेण्याचा आणि वाटण्याचा हक्क देतो. यूट्यूबच्या सर्वसाधारण अटी मात्र सेवेने पुरवलेल्या सोयीखेरीज अन्य मार्गाने चित्रफीत उतरवून घेण्यास मनाई करतात. निर्मात्याने दिलेला हक्क वितरकाच्या दारात अडतो. २०११ पासून यूट्यूबवर चित्रफितीला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना लावण्याची सोय असली, तरी ती केवळ 'श्रेयनिर्देश' या एकाच प्रकारापुरती आहे. बदललेली कृतीही त्याच परवान्याखाली मुक्त ठेवावी, अशी अट घालणारा प्रकार तेथे निवडता येत नाही.

या विसंगतीचे पडसाद ऑक्टोबर २०२० मध्ये उमटले. यूट्यूबवरील चित्रफिती उतरवून घेणारे 'यूट्यूब-डीएल' हे मुक्त सॉफ्टवेअर अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून 'गिटहब' या सेवेने हटवले. त्याचा उपयोग संगीताची नक्कल करण्यासाठी होतो, ही संघटनेची बाजू होती. पत्रकार, संशोधक आणि मुक्त परवान्याच्या चित्रफितींचे जतन करणारे हेही तेच साधन वापरतात, ही दुसरी बाजू. नोव्हेंबर २०२० च्या मध्यास ते पुन्हा उपलब्ध झाले. येथेही एक योगायोग लक्षणीय आहे. गिटहब ही देखील एका खासगी कंपनीच्या मालकीची सेवा असून २०१८ पासून ती मायक्रोसॉफ्टकडे आहे.

बिटकीपरचा धडा

उसन्या साधनावर विसंबण्याचा सर्वांत गाजलेला प्रसंग चित्रफितींशी संबंधित नाही. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याचे काम करणाऱ्या प्रोग्रॅमरनी २००२ पासून सोर्स कोडमधील बदलांची नोंद ठेवण्यासाठी 'बिटकीपर' हे खासगी मालकीचे सॉफ्टवेअर वापरण्यास सुरुवात केली. कंपनीने ते मोफत दिले होते, अर्थात काही अटींवर. साधन उत्तम होते आणि कामाला वेग आला, असे लिनस तोरवाल्डस यांचे मत होते. तत्त्वाचा आग्रह धरणारे मात्र तेव्हाही अस्वस्थ होते. २००५ मध्ये वाद होऊन कंपनीने मोफत परवाना मागे घेतला. तोरवाल्डस यांनी एप्रिल २००५ मध्ये 'गिट' हे नवे मुक्त साधन लिहून काढले आणि पुढे तेच जगभर रूढ झाले.

या कथेचा शेवट गोड असला, तरी ती चित्रफितींना जशीच्या तशी लागू होत नाही. लिनक्सचा सोर्स कोड प्रत्येक प्रोग्रॅमरच्या संगणकावर होता. साधन गेले, ठेवा गेला नाही. चित्रफितींच्या बाबतीत अनेक प्रकल्पांकडे मूळ फाइल उरलेलीच नसते. चित्रीकरण झाले, ते यूट्यूबवर चढवले आणि कॅमेऱ्याचे कार्ड पुढच्या कार्यक्रमासाठी पुसले, असा शिरस्ता असतो. अशा वेळी सेवा बंद झाली, तर ठेवाही जातो.

पर्याय आणि त्यांच्या मर्यादा

पर्याय नाहीत असे नाही. ब्रसेल्समध्ये दरवर्षी भरणारी 'फोसडेम' ही मुक्त सॉफ्टवेअरची परिषद आपल्या व्याख्यानांच्या चित्रफिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवते. डेबियन प्रकल्पाच्या परिषदेचे चित्रीकरण, संपादन आणि साठवण स्वयंसेवकांची तुकडी मुक्त साधनांनिशी करते. जर्मनीतील 'केऑस कॉम्प्युटर क्लब'चे स्वतःचे चित्रफीत-भांडार आहे. अमेरिकेतील 'इंटरनेट आर्काइव्ह' ही ना-नफा संस्था आणि विकिपीडियाचे भावंड असलेले 'विकिमीडिया कॉमन्स' येथेही मुक्त परवान्याच्या चित्रफिती ठेवता येतात.

ब्लेंडरने २०१८ मध्ये निवडला तो 'पीअरट्यूब'चा मार्ग. फ्रान्समधील 'फ्रामासॉफ्ट' या ना-नफा संस्थेच्या पाठबळाने तयार झालेले हे मुक्त सॉफ्टवेअर लोकवर्गणीच्या साहाय्याने पुढे गेले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली. पीअरट्यूब ही एक कंपनी किंवा एक संकेतस्थळ नव्हे. कोणतीही संस्था ते आपल्या सर्व्हरवर बसवून स्वतःचे चित्रफीत-स्थळ चालवू शकते. ही स्थळे 'ॲक्टिव्हिटीपब' या खुल्या प्रमाणाद्वारे एकमेकांशी जोडली जातात, त्यामुळे एका स्थळावरील चित्रफीत दुसऱ्यावरून पाहता येते. एकच चित्रफीत अनेक जण एका वेळी पाहत असतील, तर त्यांचे संगणक एकमेकांना तिचे तुकडे पुरवतात आणि सर्व्हरवरचा भार काहीसा हलका होतो. फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयानेही शिक्षकांसाठी पीअरट्यूबची स्थळे उभी केली आहेत.

तथापि स्वतःचे घर म्हटले, की डागडुजीही स्वतःलाच करावी लागते. सर्व्हरचे भाडे, सुरक्षा, अनाहूत मजकुराची सफाई हे सारे नित्याचे काम आहे. युरोपीय संघाच्या माहिती-संरक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यालयाने संघातील संस्थांसाठी एप्रिल २०२२ मध्ये पीअरट्यूबवर आधारित 'ईयू व्हिडिओ' हा प्रायोगिक उपक्रम सुरू केला. त्याची धुरा पुढे घेणारी संस्था न मिळाल्याने मे २०२४ मध्ये तो बंद झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे इंटरनेट आर्काइव्हही काही दिवस ठप्प होते. मालकी खासगी नाही एवढ्याने टिकाऊपणाची हमी मिळत नाही.

स्वरूपाचा प्रश्न

चित्रफीत कोठे ठेवली आहे याइतकेच ती कोणत्या स्वरूपात साठवली आहे यालाही महत्त्व आहे. २००० च्या दशकात यूट्यूब पाहण्यासाठी ॲडोबीचे 'फ्लॅश' हे बंदिस्त सॉफ्टवेअर लागे. मुक्त संगणकप्रणाली वापरणाऱ्याला ते बसवल्यावाचून गत्यंतर नसे. प्रचलित 'एच.२६४' हे स्वरूप पेटंटांनी वेढलेले होते. 'ऑग थिओरा' हे मुक्त स्वरूप उपलब्ध होते, पण दर्जात मागे पडे. २०१० मध्ये गूगलने 'ऑन२' ही कंपनी विकत घेऊन 'व्हीपी८' हे स्वरूप खुले केले. २०१५ मध्ये यूट्यूबने फ्लॅशऐवजी ब्राउझरमधील अंगभूत सोय मूळ पर्याय म्हणून स्वीकारली आणि २०१८ मध्ये अनेक कंपन्यांच्या आघाडीने 'एव्ही१' हे स्वामित्वशुल्काविना वापरता येणारे स्वरूप प्रसिद्ध केले. स्वरूपांच्या बाबतीत मुक्त चळवळीचा आग्रह आणि मोठ्या कंपन्यांचे हित एका दिशेने गेले. साठवणुकीच्या बाबतीत तसे झालेले नाही, कारण प्रेक्षक आपल्याच दारात यावा हा कंपनीच्या व्यवसायाचा आधार आहे.

पवईचा अनुभव

या विषयाला मुंबईचाही एक धागा आहे. पवई येथील आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौदगल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअर शिकवण्यासाठीच जन्माला आला. केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानातून त्याला अर्थसाह्य मिळाले. सुमारे दहा मिनिटांचा एकेक धडा, पडद्यावर प्रत्यक्ष सॉफ्टवेअर आणि सोबत निवेदन असे त्याचे रूप. पडदा इंग्रजीतच राहतो, पण निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येते. लिबर ऑफिस, सायलॅब, लॅटेक्स यांच्याबरोबर ब्लेंडरचेही धडे त्यात आहेत.

या प्रकल्पाने चित्रफितींची व्यवस्था कशी केली हे पाहण्याजोगे आहे. धडे स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवले गेले, थिओरासारख्या मुक्त स्वरूपात ते उतरवून घेण्याची सोय दिली गेली आणि ज्या महाविद्यालयांत इंटरनेटची जोडणी अपुरी होती, त्यांच्यासाठी निवडक धड्यांची सीडी तयार करून घेण्याची व्यवस्था झाली. निवेदनाच्या संहिताही खुल्या होत्या. एका भाषेतील धड्यावरून दुसऱ्या भाषेतील धडा तयार करणे त्यामुळेच शक्य झाले. धडे यूट्यूबवरही गेले, पण ते आणखी एक दार म्हणून. ग्रामीण भागातील प्रयोगशाळेत इंटरनेटविना धडा चालला पाहिजे, या व्यावहारिक गरजेतून जी व्यवस्था आकाराला आली, ती तत्त्वाच्या कसोटीवरही उतरली.

दोन बाजू, एक रेषा

या वादात दोन टोके आहेत. खासगी सेवेवर एकही चित्रफीत ठेवू नये, कारण तसे करणे म्हणजे प्रेक्षकाला त्या सेवेकडे ढकलणे होय, असे एक पक्ष मानतो. प्रकल्पाचे काम सॉफ्टवेअर लिहिणे आहे, सर्व्हर सांभाळणे नव्हे. तेव्हा जे मोफत आणि सोयीचे आहे ते वापरावे, असे दुसरा पक्ष म्हणतो. पहिल्या पक्षाचे ऐकले, तर नवा विद्यार्थी दुरावतो. दुसऱ्याचे ऐकले, तर प्रकल्पाची स्मृती दुसऱ्याच्या मर्जीवर राहते.

अनुभवाने मधली रेषा कोठे ओढावी हे दाखवून दिले आहे. सेवेचा वापर करणे वेगळे आणि तिच्यावर अवलंबून असणे वेगळे. उद्या सकाळी ती सेवा बंद झाली तर काय नाहीसे होईल, हा त्यासाठीचा साधा प्रश्न आहे. केवळ काही प्रेक्षक कमी होणार असतील, तर तो वापर. चित्रफीतच नाहीशी होणार असेल, तर ते अवलंबन.

वापर अवलंबनात बदलू नये, यासाठी घ्यायची काळजी फारशी खर्चिक नाही. मूळ ध्वनिचित्रमुद्रण प्रकल्पाच्या ताब्यात आणि शक्यतो दोन वेगवेगळ्या ठिकाणी असावे. चित्रफितीचा अधिकृत पत्ता प्रकल्पाच्या स्वतःच्या नावाखालचा असावा; त्या पानावर आज यूट्यूबची चौकट असली, तरी उद्या ती बदलता येते आणि पुस्तकांत, पत्रिकांत छापलेला पत्ता निकामी होत नाही. परवाना चित्रफितीच्या आतही दाखवावा, केवळ सेवेच्या रकान्यावर विसंबू नये. उपशीर्षके आणि संहिता स्वतंत्र फाइलींत जतन कराव्यात. वाहिनीच्या किल्ल्या एकाच स्वयंसेवकाच्या खासगी खात्यात असू नयेत, कारण तो प्रकल्प सोडून गेला की वाहिनीही त्याच्याबरोबर जाते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बैठका, निर्णय आणि सुरक्षाविषयक सूचना यांसारखा मजकूर कधीही एकाच खासगी सेवेवर ठेवू नये.

लहान प्रकल्पाला यांतील सर्व्हर चालवण्याचा भार पेलणार नाही. परंतु मूळ फाइल सांभाळून तिची एक प्रत इंटरनेट आर्काइव्हसारख्या ना-नफा ठिकाणी ठेवणे त्यालाही शक्य आहे. चार-सहा प्रकल्पांनी मिळून एक पीअरट्यूब स्थळ चालवणे, हा सहकाराचा मार्गही खुला आहे.

ब्लेंडरने अखेर हेच केले. २०१८ च्या त्या काही दिवसांत चाचणीसाठी उभारलेले पीअरट्यूबचे स्थळ पुढे संस्थेच्या स्वतःच्या नावाखाली कायम झाले. यूट्यूबवरील वाहिनीही चालूच राहिली, कारण विद्यार्थी तेथे आहेत. दोन्हीकडे चित्रफिती चढवण्याचे श्रम संस्थेने पत्करले. मात्र यापुढे एखाद्या कराराचा कागद अडला, तर चित्रफीत कोठे पाहावी हे सांगण्यासाठी संस्थेकडे स्वतःचा पत्ता आहे. २००२ मध्ये वर्गणी देणाऱ्यांनी सोर्स कोडसाठी जे मिळवले होते, ते चित्रफितींसाठी मिळण्यास आणखी सोळा वर्षे लागली.